४८ हा आकडा आला कुठून?

लोकसभा निवडणूक जवळ आली की टीव्हीवरचं एक वाक्य पाठ झालेलं असतं: उत्तर प्रदेशच्या ८० जागा, त्याखालोखाल महाराष्ट्राच्या ४८. हे ८० आणि ४८ कोणी ठरवले, केव्हा, कशावरून, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. करायला हवी, कारण पुढच्या काही वर्षांत दिल्लीत आणि चेन्नईत ज्या विषयावरून भांडणं होणार आहेत, तो विषय हाच आहे. आणि त्यातलं गणित चौथीतल्या पोरालाही जमेल इतकं साधं आहे.

उत्तर एका ओळीत द्यायचं तर, ४८ हा आकडा १९७१ सालच्या जनगणनेतून आला. त्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख. तिला ४८ ने भागलं की एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसं येतात. आता हाच भागाकार इतर राज्यांसाठी करून पाहा. तामिळनाडू: ४ कोटी १२ लाख लोक, ३९ जागा, म्हणजे एका खासदारामागे १० लाख ५६ हजार. राजस्थान: २ कोटी ५८ लाख, २५ जागा, १० लाख ३० हजार. केरळ: २ कोटी १३ लाख, २० जागा, १० लाख ६७ हजार. उत्तर प्रदेशाला तेव्हा ८५ जागा मिळाल्या (उत्तराखंड वेगळा झाल्यावर त्यातल्या ५ तिकडे गेल्या). ८ कोटी ८३ लाखांना ८५ ने भागलं की येतात १० लाख ३९ हजार. केरळचा माणूस असो की राजस्थानचा, दिल्लीत त्याच्या मताचं वजन जवळपास सारखंच होतं. १९७७ ची निवडणूक या वाटपावर झाली, आणि इतकी नेटकी वाटणी त्यानंतर पुन्हा कधी झालेली नाही.

घटनेच्या कलम ८१ मध्ये याबाबत दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या धरून चालणं फार गरजेचं आहे. पहिली, कोणत्या राज्याला किती जागा. लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत शक्यतो सारखं असावं. दुसरी, त्या राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा कशा आखायच्या. तिथेही प्रमाण शक्यतो सारखंच. कलम ८२ म्हणतं की दर जनगणनेनंतर हा हिशोब नव्याने मांडायचा. आणि हिशोब धरायचा तो माणसांचा, मतदारांचा नाही. पाळण्यातलं मूलही त्यात मोजलं जातं.

सुरुवातीला तसं होतही गेलं. १९५२ साली लोकसभेच्या ४८९ जागांसाठी निवडणूक झाली. महाराष्ट्राला १९६२ मध्ये ४४ जागा होत्या, १९६७ मध्ये ४५ झाल्या, १९७७ मध्ये ४८. मूळ घटनेत तर असंही लिहिलं होतं की साडेसात लाख लोकांमागे किमान एक खासदार असलाच पाहिजे. ती अट १९५२ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनेच काढून टाकली. 

वाढ सगळ्यांच्याच वाट्याला आली नाही. तामिळनाडूच्या १९६२ मध्ये ४१ जागा होत्या, १९६७ मध्ये ३९ झाल्या. त्या राज्याची लोकसंख्या घटली नव्हती, इतरांच्या मानाने ती कमी वेगाने वाढली होती इतकंच. इथे खरी अडचण दिसायला लागते. सरकार एकीकडे ‘हम दो, हमारे दो’ म्हणत होतं, आणि ज्या राज्याने ते मनावर घेतलं त्याचे खासदार कमी होत होते. मग कोणता मुख्यमंत्री कुटुंबनियोजनाला जीव तोडून लागणार?

यावर तोडगा निघाला आणीबाणीत. एप्रिल १९७६ मध्ये आरोग्यमंत्री करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं, त्यात म्हटलं होतं की राज्यांच्या जागा २००१ पर्यंत १९७१ च्या लोकसंख्येवरच राहतील. त्याच वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने ते घटनेत आणलं. आणीबाणी गेली, ४२ व्या दुरुस्तीतला बराच भाग पुढच्या सरकारने मागे घेतला, पण हे गोठवणं तसंच राहिलं. कोणालाही त्या फंदात पडायचं नव्हतं. २५ वर्षं संपत आली तेव्हा वाजपेयी सरकारने ८४ व्या दुरुस्तीने मुदत आणखी वाढवली: २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत १९७१ चाच हिशोब. पुढच्या पिढीवर ढकलण्याची ही सोय मला फारशी आवडत नाही, पण तेव्हाच्या राजकारण्यांच्या जागी कोणीही असता तरी बहुधा हेच केलं असतं.

पण जागा गोठवल्या तरी माणसं वाढायची थोडीच थांबतात. राजस्थान आणि केरळ शेजारी ठेवून पाहा. १९७१ मध्ये राजस्थान २ कोटी ५८ लाख, केरळ २ कोटी १३ लाख, थोडासाच फरक. २०११ मध्ये राजस्थान ६ कोटी ८५ लाख, केरळ ३ कोटी ३४ लाख. दुपटीहून जास्त फरक. जागा मात्र तेव्हाही २५ आणि २०, आताही २५ आणि २०. राजस्थानात एका खासदारामागे २७ लाखांहून जास्त माणसं, केरळात पावणेसतरा लाख. जोधपूरच्या मतदाराला आपलं मत कोट्टायमच्या मताच्या तुलनेत स्वस्त झालंय असं वाटलं तर त्यात खोटं काही नाही. आणि कोट्टायमचा माणूस म्हणाला की आम्ही मुलींना शिकवलं, दवाखाने चालवले, त्याची शिक्षा आम्हाला का, तर त्यातही खोटं काही नाही. या वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, म्हणून तो इतका चिवट आहे.

समजा, ५४३ जागा तशाच ठेवून २०११ च्या लोकसंख्येवर नव्याने वाटल्या, तर? देशाची लोकसंख्या १२१ कोटी. भागिले ५४३, म्हणजे एका जागेमागे सुमारे २२ लाख ३० हजार. या मापाने उत्तर प्रदेश ८० वरून ८९-९० वर जातो, बिहार ४० वरून ४६-४७ वर, राजस्थान २५ वरून ३०-३१ वर. तामिळनाडू ३९ वरून ३२ वर येतो आणि केरळ २० वरून १५ वर. लहान राज्यांना झुकतं माप द्यावं लागत असल्याने प्रत्यक्षात मोठ्या राज्यांचे हे आकडे आणखी थोडे खाली येतील, पण कल कळायला एवढं पुरे.

आणि महाराष्ट्र? आपला भागाकार ५० च्या आसपास येतो, लहान राज्यांची कसर काढली की ४८-४९. म्हणजे जवळपास होतो तिथेच. याचं कारण पाहण्यासारखं आहे. १९७१ मध्ये देशातल्या दर हजार माणसांपैकी ९२ महाराष्ट्रात होती, २०११ मध्ये ९३. चाळीस वर्षांत वाटा हललाच नाही. जन्मदर आपलाही उतरला, पण मुंबई, ठाणे, पुण्याकडे देशभरातून माणसं येत राहिली आणि ती इथल्या खात्यात मोजली गेली. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते, त्याचं मूळ गाव कुठलं हे विचारून जागा देत नाही. त्यामुळे उत्तर विरुद्ध दक्षिण या भांडणात महाराष्ट्र कुठल्याच गोटात नीट बसत नाही, आणि आपले नेते या विषयावर फारसे बोलत नाहीत ते बहुधा म्हणूनच.

‘कोणाच्या जागा कमी न करता एकूण जागाच वाढवा’ असा एक मार्ग सुचवला जातो. नव्या संसद भवनात लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसनं आहेत, त्यामुळे ही चर्चा हवेत राहत नाही. (कलम ८१ मध्ये राज्यांसाठी ५३० आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी २० अशी कमाल मर्यादा घातलेली होती; ती ओलांडायची तर घटनादुरुस्ती आलीच.) फेब्रुवारी २०२५ मध्ये कोइम्बतूरला अमित शहा म्हणाले की दक्षिणेच्या कोणत्याही राज्याची एकही जागा कमी होणार नाही. पुढच्याच महिन्यात तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईत केरळ, तेलंगणा आणि पंजाबच्या मुख्यमंत्र्यांना बोलावून बैठक घेतली. एकही जागा जाणार नसेल तर तक्रार कशाची?

पुन्हा भागाकार करू. एकूण जागा ७५० झाल्या आणि त्या २०११ च्या लोकसंख्येवर वाटल्या असं धरा. एका जागेमागे १६ लाखांच्या थोडं वर माणसं. केरळच्या २० च्या २१ होतात, म्हणजे कमी काहीच झालं नाही, उलट एक वाढली. उत्तर प्रदेशाच्या मात्र ८० च्या १२४ होतात. आज उत्तर प्रदेश केरळच्या चौपट आहे, उद्या सहापट. लोकसभेत ठराव पास होतो तो बहुमताने, आणि बहुमत मोजतात एकूण संख्येच्या तुलनेत. भाऊबंदकीत जमीन वाटताना सगळ्यांना वाढीव एकर मिळाले तरी विहिरीवर कोणाची मोट जास्त चालणार हे हिश्श्यावरच ठरतं, तसंच हे. म्हणून ‘जागा कमी होणार नाहीत’ या आश्वासनावर दक्षिणेचं समाधान होत नाही. त्यांचा प्रश्न वाट्याचा आहे.

आता दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे राज्याच्या आतल्या सीमांकडे येऊ. ही पायरी १९७१ वर गोठवलेली नाही! ८७ व्या दुरुस्तीने २००३ मध्ये ठरलं की राज्यांच्या जागा १९७१ प्रमाणेच, पण आतल्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवर आखायच्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगाने ते काम केलं. केरळ आणि राजस्थान यांच्यातलं जे भांडण देशाने पन्नास वर्षं पुढे ढकललं, ते महाराष्ट्राच्या आत तेव्हाच होऊन गेलं, आणि त्यात कोकण हरलं.

कसं, ते पाहा. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख होती. विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार. या मापाने ठाणे जिल्ह्याच्या (तेव्हा पालघर त्यातच होता) ८१ लाख लोकांना २४ जागा येतात. आधी होत्या १३. रत्नागिरीच्या १७ लाखांना ५ येतात, आधी होत्या ७. सिंधुदुर्गाच्या ८ लाख ६९ हजारांना अडीचच्या थोड्या वर, म्हणून ३. आधी होत्या ४. मुंबई शहर १७ वरून १० वर उतरलं आणि उपनगर १७ वरून २६ वर चढलं. गिरणगाव रिकामा होऊन माणसं बोरिवली-मुलुंडकडे सरकत गेली, त्याची नोंद या चार आकड्यांत आहे.

पुण्याचा भागाकार तर जवळजवळ नेमका साडेएकवीस येत होता. पुण्याला मिळाल्या २१. अपूर्णांक कुठे वर न्यायचा आणि कुठे खाली सोडायचा, हे दिसतं तितकं किरकोळ नाही. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर हिशोब करताना असं आढळलं की सभागृहात २९९ जागा ठेवल्या तर अलाबामा राज्याला ८ मिळतात आणि ३०० ठेवल्या तर ७! एकूण जागा वाढल्या आणि एकाची कमी झाली, केवळ अपूर्णांकांच्या खेळामुळे. तिथे यावर गणितज्ञांनी वेगवेगळ्या पद्धती काढल्या आणि त्यांच्यावरून दशकानुदशकं वाद झाले. २०२० च्या जनगणनेत आणखी ८९ माणसं मोजली गेली असती तर न्यूयॉर्कची एक जागा वाचली असती.

कोकणाकडे परत येतो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ असतात (सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस नव्हे, सहा गुणिले ४८ म्हणजे २८८). रत्नागिरीचे ५ आणि सिंधुदुर्गाचे ३ मिळून ८. त्यातले सहा, म्हणजे चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी, एकत्र करून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा मतदारसंघ झाला. उरले दापोली आणि गुहागर. ते गेले रायगडला. रायगड जिल्ह्याचे स्वतःचे सात, पण त्यातले पनवेल, कर्जत, उरण घाट चढून पिंपरी-चिंचवडबरोबर मावळ मतदारसंघात गेले. आणि या सगळ्यात राजापूर हा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. बॅरिस्टर नाथ पै यांचा राजापूर, त्यानंतर सलग पाच वेळा मधू दंडवते यांना निवडून देणारा राजापूर. २००४ मध्ये तिथून सुरेश प्रभू निवडून आले, ती शेवटची निवडणूक.

तिकडे ठाणे जिल्ह्यात २४ भागिले ६, म्हणजे चार खासदार: ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. गंमत अशी की कोकणातली जी माणसं ‘कमी पडली’, त्यातली कितीतरी ठाणे-कल्याण-डोंबिवलीतच मोजली गेली होती. चाकरमानी गणपतीला गावी जातो, पण जनगणनेत डोंबिवलीचा असतो. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत चक्क घटली, सिंधुदुर्गाचीही. २०११ च्या आकड्यांवर हाच भागाकार केला तर रत्नागिरीला ४ आणि सिंधुदुर्गाला २ आमदार येतात. केरळच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून घटना दुरुस्त होते, सिंधुदुर्गासाठी कोणी निवेदनाच्या पुढे जात नाही. राज्य म्हणून आवाज असणं आणि जिल्हा म्हणून आवाज असणं, यात हा फरक आहे.

राहिली लहान राज्यं. गोव्याचा साध्या भागाकाराने एकही पूर्ण खासदार होत नाही: २०११ ची लोकसंख्या साडेचौदा लाख, जागा २. साठ लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्यांना समप्रमाणाचा नियमच लागू नाही, तशी सूट १९७३ च्या ३१ व्या दुरुस्तीने दिली आहे. लक्षद्वीपच्या ६४ हजार लोकांना एक खासदार आहे, आणि तेलंगणातल्या मल्काजगिरीत २०१९ मध्ये नुसते मतदारच ३१ लाखांवर होते.

मधला मार्ग शोधणाऱ्यांनी राज्यसभेकडे पाहावं असं मला वाटतं. तिथल्या जागा वाटताना १९५१ च्या लोकसंख्येवर एक वेगळंच सूत्र लावलं होतं: पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांना एक जागा, त्यापुढे दर वीस लाखांना एक. महाराष्ट्राचे ३ कोटी २० लाख घ्या. पहिल्या पन्नास लाखांचे ५ आणि उरलेल्या २ कोटी ७० लाखांचे साडेतेरा, वर नेऊन १४, एकूण १९. आजही राज्यसभेत आपले १९ च खासदार आहेत. मोठ्याला जास्त, पण त्याच पटीत नाही. लोकसभेत हे सूत्र जसंच्या तसं लावता येणार नाही, कारण तिथे प्रत्येक मत सारखं हे तत्त्वच मोडेल. तरी देवघेवीची बोलणी कधी झालीच, तर सुरुवात करायला घरातलंच एक उदाहरण आहे.

१९७१ आणखी एका ठिकाणी जिवंत आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ असतं. ५,०४,१२,२३५ या १९७१ च्या लोकसंख्येला २८८ ने आणि मग हजाराने भागलं की तो आकडा येतो. म्हणजे विधान भवनात मत टाकायला उभा राहिलेला आमदार १९७१ मधल्या माणसांच्या वतीने मत टाकत असतो.

पुढचा क्रम असा. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे ८४ व्या दुरुस्तीतली ‘२०२६ नंतरची पहिली जनगणना’ हीच. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने महिलांसाठीच्या एक तृतीयांश जागाही जनगणना आणि नंतरच्या पुनर्रचनेलाच बांधल्या आहेत. आकडे आले की संसद कायदा करते आणि पुनर्रचना आयोग नेमला जातो. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि त्या-त्या राज्याचे निवडणूक आयुक्त असतात. मागच्या वेळी प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सोबतीला घेतले होते, पण मताचा अधिकार त्यांना नव्हता. आयोगाचा आदेश निघाला की तो कायद्यासारखाच लागू होतो. संसद किंवा विधानसभा त्यात काना-मात्राही बदलू शकत नाही.

मात्र अंतिम आदेशाआधी मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. आपलं गाव कुठल्या मतदारसंघात जाणार, दापोली रायगडात की रत्नागिरीत, हे विचारायची सामान्य माणसाला मिळणारी संधी तेवढीच. मागच्या खेपेला कायदा झाला २००२ मध्ये, नव्या सीमांवर पहिली विधानसभा निवडणूक कर्नाटकात झाली मे २००८ मध्ये, आणि महाराष्ट्राची पाळी आली २००९ ला.